कालची यादी
मोहफुलांचा वास आला की जंगल सफारीच्या गेटवरची ती सकाळ आठवते आणि अजून डोकं तापतं. गाइडांच्या पाळीची यादी त्या दिवशी पहिल्यांदाच क्लाउड सर्व्हरवरून निघाली होती. यादी काढणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे स्क्रिप्ट, गोंदियाच्या ऑफिसातल्या आमच्या साहेबांनी लिहिलेली. पहाटे पाचला ती चालवायची आणि यादी छापून गेटवर चिकटवायची, एवढंच माझं काम. गावातून सायकल हाणत आलेली एक गाइड यादीसमोर थांबली. "आज माही पाळी हाये. तुमी कालचीच नावं कायले लावून राहिले?" मी गोंदियाला साहेबांना फोन लावला. ते म्हणाले, "सर्व्हर चुकत नसते. त्या बाईलेच वार समजत नसन." फोन स्पीकरवर होता. ती मोहाखाली जाऊन बसली आणि पर्यटकांच्या जिप्सी गाड्या एकेक करून तिच्यासमोरून आत गेल्या. सव्वासहाला मी लॅपटॉप उघडून सर्व्हरचं घड्याळ पाहिलं. त्यात रात्रीचा पाऊण वाजला होता. ते आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे चालत होतं, म्हणजे पाचला स्क्रिप्ट चालली तेव्हा सर्व्हरवर अजून कालचाच दिवस होता. दुरुस्तीला एक ओळ पुरली. पण अहवालात गेलं, 'गाइडचा तारखेबाबत गैरसमज.' आता नवा सर्व्हर हाती आला की मी आधी त्याला तारीख आणि वेळ विचारतो, मगच स्क्रिप्टला हात लावतो. साहेबांना तर मी आजही मनातल्या मनात शिव्या देतो, पण अहवालातली ती ओळ त्यांनी फक्त सांगितली होती. टाइप मी केली होती.