दोन स्पीकरांच्या मधोमध

माझा भाऊ बोटीवर इंजिनियर होता. मालवाहू बोटीवर, तेही खाली इंजिनरूममध्ये, त्यामुळे सुट्टीवर घरी आला की पहिले काही दिवस तो सगळ्यांशी ओरडूनच बोलायचा. आमचं घर रत्नागिरीत, मांडवीच्या बाजूला. घरात आई, अप्पा आणि मी. मी शाळेत शिकवत होते आणि लग्नाचा विषय घरात निघायचा बंद होऊन बरीच वर्षं झाली होती. दादाचंही लग्न झालेलं नव्हतं. वर्षातून एकदा तो यायचा आणि घर तेवढ्यापुरतं जागं व्हायचं.

रत्नागिरीत टीव्ही दिसायला लागला त्या सुमाराची गोष्ट. दादाने सिंगापूरहून एक मोठा रंगीत टीव्ही आणला. त्याच्याबरोबर ॲम्प्लिफायर, कॅसेट डेक आणि दोन उंच स्पीकर. टीव्ही आम्ही कुणाकुणाकडे पाहिलेला होता, पण असले स्पीकर कुणीच पाहिले नव्हते. माझ्या छातीपर्यंत उंच, लाकडी, पुढून काळं कापड लावलेले. खोक्यातून बाहेर काढून भिंतीशी उभे केले तेव्हा आई म्हणाली, "हे पाहुण्यांसारखे उभे आहेत. यांना बसवायचं कुठे?"

बसवायलाच दादाला आठवडा लागला. आधी त्याने ते टीव्हीला अगदी चिकटून ठेवले. बातम्या लागल्या आणि बातम्या देणाऱ्या बाईंच्या गालावर हिरवा डाग उमटला, दुसऱ्या बाजूला जांभळा. अप्पा म्हणाले, "तुझा टीव्ही नासला." दादा हसला. स्पीकरात मोठं लोहचुंबक असतं, ते रंग ओढतं, म्हणून त्यांना लांब ठेवायला हवं, असं त्याने सांगितलं. त्याने स्पीकर बाजूला सरकवले तसा बाईंचा चेहरा हळूहळू स्वच्छ झाला. मग ते कोपऱ्यात गेले तर आवाज घुमायला लागला. आमच्या भिंती चिऱ्याच्या, जमीन कोब्याची, खोलीत सामान कमी. शेवटी त्याने मागच्या अंगणातून जांभ्याचे दोन तुकडे आणले, तासून सपाट केले आणि स्पीकर त्यांच्यावर चढवले. अप्पांच्या आरामखुर्चीला सुतळी बांधून दोन्हीकडचं अंतर सारखं केलं, स्पीकरांची तोंडं खुर्चीकडे थोडी वळवली आणि कोब्यावर खडूने खुणा केल्या.

"इथून हलवायचे नाहीत," त्याने मला बजावलं. "झाडताना कामाच्या मावशींनासुद्धा सांग."

"एवढं काय आहे त्यात?"

"ये, बस इथे."

त्याने मला अप्पांच्या खुर्चीत बसवलं आणि एक कॅसेट लावली. कुणीतरी बासरी वाजवत होतं. मी उजवीकडच्या स्पीकरकडे पाहिलं, डावीकडच्याकडे पाहिलं. बासरी कुठूनच येत नव्हती. ती दोन्हींच्या मधोमध, टीव्हीच्या थोडी पुढे, जिथे काहीही नव्हतं तिथे वाजत होती. मी उठून तिथे गेले तर ती विरून गेली. परत खुर्चीत बसले तर पुन्हा तिथेच.

"दोन्ही कानांना सारखा आवाज आला की डोकं समजतं, माणूस समोरच आहे," दादा म्हणाला.

अप्पांना मात्र ही गंमत कधीच कळली नाही. लहानपणी ताप डोक्यात जाऊन त्यांचा उजवा कान गेला होता. त्यांना जगातला प्रत्येक आवाज डावीकडूनच यायचा. खोलीच्या डाव्या अंगाला समुद्राकडची खिडकी होती. "बासरीवाला खिडकीत बसलाय," असं ते ठामपणे म्हणाले आणि पेपर उघडून बसले.

जाण्याच्या आदल्या दिवशी दादाने आमच्यासाठी स्वतःचीच एक कॅसेट भरली. स्पीकर जिथे होते नेमक्या त्या जागी दोन मायक्रोफोन ठेवले आणि मधल्या जागेत चालत चालत बोलला. आम्हाला त्याने स्वयंपाकघरात बसवून ठेवलं होतं. मग स्पीकर परत खुणांवर आणून, आईला खुर्चीत बसवून त्याने ती लावली आणि स्वतः पडवीत जाऊन उभा राहिला.

आधी पावलं वाजली. मग आवाज आला, "आई, मी खिडकीपाशी आहे." पावलं खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दाराकडे गेली. आईची नजर त्यांच्याबरोबर सरकत गेली. "आता दारात आलो. काय शिजतंय? आता बघ, तुझ्या समोर येतो." पावलं परतली आणि थांबली. "हा बघ, आलो. आता ऐक. गोळ्या वेळेवर घे. अप्पा, तुम्ही कान दाखवून या एकदा." असं बरंच काही. शेवटी तो नुसताच उभा राहिल्यासारखा वाटायचा, श्वास ऐकू यायचा, आणि मग टेप संपायची.

आईने पदर खांद्यावरून ओढून घेतला. "पुरे," ती म्हणाली. "तू इकडे ये आधी." पडवीतून दादा आत आला तेव्हा तिने त्याचा हात धरला आणि बराच वेळ सोडला नाही.

तो गेल्यावर आई रोज दुपारी ती कॅसेट लावू लागली. सुरुवातीला मला बरंच वाटलं. पण काही दिवसांनी शाळेतून येताना गल्लीच्या तोंडाशीच मला दादाचा आवाज ऐकू यायचा, आणि प्रत्येक वेळी पायाखालची वाट क्षणभर बदलल्यासारखी व्हायची. शेजारच्या काकूंनी एकदा मला थांबवलं.

"दादा कधी आला गो?"

"आला नाही काकू. कॅसेट आहे ती."

"कॅसेट कसली? खिडकीत उभा होता की सकाळी. मी हाकसुद्धा मारली."

कॅसेट दुपारी लागत असे, सकाळी नाही. हे मी त्यांना सांगितलं नाही, आणि घरीही सांगितलं नाही.

हळूहळू आईने टीव्हीसमोरच्या त्या जागेतून चालणं बंद केलं. स्वयंपाकघरातून पडवीत जायचं तर सरळ वाट तिथूनच होती, पण ती भिंतीकडेने वळसा घालून जायची. मी मधून गेले की म्हणायची, "बाजूने जा ना. तो आहे तिथे." सहज म्हणायची, जसं जेवणाऱ्या माणसाला ओलांडू नको असं सांगावं तसं. कामाच्या मावशींनी तेवढा कोबा पुसायचं सोडून दिलं. तिथे धुळीचा एक फिकट गोल राहू लागला. अप्पा तेवढे अधूनमधून वाद घालायचे.

"तिथे कुठे? तो खिडकीशी असतो."

"तुम्हाला काय कळतंय. मधे आहे."

"खिडकीशी गो. मला ऐकू येतो तो."

दोघं भांडायची ती तो आहे की नाही यावरून नाही, कुठे आहे यावरून. आणि मी वह्या तपासत बसलेली असायचे, मान वर न करता.

मग दादाची पत्रं थांबली. त्याची बोट आखातात गेली होती आणि तिकडे लढाई चालू होती. मी पोस्टातून कंपनीच्या मुंबईच्या कचेरीत ट्रंक कॉल लावला. तिकडचा माणूस म्हणाला, "बोटीशी संपर्क होत नाहीये, कळलं की कळवू." मी घरी सांगितलं की बोट लांबच्या बंदरात आहे. आई आता दिवसातून दोनदा कॅसेट लावायची. खोबरेल तेलाच्या बोटांनी बटणं दाबून दाबून ती चिकट झाली होती. एका संध्याकाळी डेकने टेप ओढली, चुरगाळली आणि ती तुटली. आई ओरडली नाही. तिने ती आत अडकलेली तपकिरी पट्टी दोन्ही हातांनी अलगद सोडवली, कॅसेटवर गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "नीट करून आण," म्हणाली.

दुसरा दिवस शनिवार, शाळा सकाळची. कॅसेट माझ्या पर्समध्ये होती. शाळा सुटल्यावर बाजारात रेडिओवाल्याकडे गेले तर दुकान बंद. तशीच घरी आले. दुपारची वेळ, ऊन पांढरं झालेलं, गल्लीत कुणी नाही. गल्लीत आवाज आला नाही याचं मला बरं वाटलं, असं आठवतं.

आत आले तर आई आणि अप्पा शेजारी शेजारी बसले होते. अप्पा खुर्चीत, आई खाली पाटावर. टीव्ही बंद होता. ॲम्प्लिफायरचा लाल दिवा बंद होता. दोघंही समोर पाहत होती.

मी काही बोलणार तोच आईने ओठांवर बोट ठेवलं.

"काय झालं?" मी हळू विचारलं.

"तो उभा आहे," अप्पा म्हणाले.

"कुठे?"

अप्पांनी हात उचलला. मला वाटलं खिडकीकडे दाखवतील. त्यांनी मधोमध दाखवलं. आणि आई, जी आजवर या गोष्टीत त्यांच्याशी एकदाही सहमत झाली नव्हती, तिने नुसती मान हलवली.

"आज काही बोलत नाही," ती म्हणाली.

मला तिथे काही दिसलं नाही. हे मी नेहमी आधी सांगते, कारण ऐकणाऱ्याला तेच हवं असतं. मी उंबऱ्यावर उभी होते, पर्स छातीशी धरून. पण एक गोष्ट झाली. आमच्या घरात समुद्राचा आवाज चोवीस तास असतो, त्याची सवय होऊन तो कानावर पडेनासा होतो. त्या वेळी तो मला ऐकू आला, कारण तो अर्धवट येत होता. डावीकडून येत होता, उजवीकडून येत होता, पण समोरून येत नव्हता. दोन स्पीकरांच्या मधे आवाजाला खळगा पडला होता. दारात कुणी जाडजूड माणूस उभा राहिला की बाहेरचा आवाज जसा त्याच्या आकाराएवढा अडतो, तसा. मी डोकं थोडं हलवून पाहिलं. खळगा जागच्या जागी होता.

किती वेळ गेला ते सांगता येणार नाही. मग आई म्हणाली, "गेला," आणि उठून गुडघ्यावर हात ठेवत स्वयंपाकघरात गेली. समुद्र पुन्हा सगळीकडून यायला लागला. अप्पा माझ्याकडे वळून म्हणाले, "जेवून घे. आईने बांगडे तळलेत."

पुढच्या आठवड्यात कंपनीची तार आली. बोटीवर हल्ला झाला होता, इंजिनरूमला आग लागली होती. दादा भाजला होता, पण जिवावरचा धोका टळला होता, तिकडच्या इस्पितळात होता. तार मी मोठ्याने वाचली. अप्पा रडले. आई रडली नाही. तिने देवापाशी दिवा लावला आणि येताना सवयीने भिंतीकडेने वळसा घालून आली.

दादा पावसाळ्याच्या आधी घरी आला. डावा हात आणि मानेची एक बाजू गुलाबी, ताणलेल्या कातडीची. तो पडवीतून आत आला, बॅग खाली ठेवली आणि टीव्हीसमोर मधोमध उभा राहून म्हणाला, "आई, आलो."

आई चहाचा कप घेऊन दारात आली. तिने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या थोडं बाजूला, टीव्हीच्या पुढ्यात पाहिलं. आणि म्हणाली, "बाळा, जरा इकडे सरक."

दादाला काही कळलं नाही. तो सरकला. तिने चहा दिला, त्याच्या भाजलेल्या हातावरून हात फिरवला, डोळे पुसले, सगळं आईने करावं तसं केलं. पण रात्रीची ताटं वाढताना तिने मला बाजूला घेऊन विचारलं, "हा आला, बरं झालं. आता त्याला काय सांगायचं?"

"कुणाला?"

ती माझ्याकडे बघत राहिली. मी फार मंद आहे असं वाटल्यासारखी.

मी दादाला दुसऱ्या दिवशी समुद्रावर फिरायला नेलं आणि सगळं सांगितलं. काकूंचं, खळग्याचं, आईच्या प्रश्नाचं. घरी आल्यावर त्याने ओल्या फडक्याने खडूच्या खुणा पुसल्या. मग स्पीकर जांभ्यावरून उतरवून भिंतीशी नेले आणि तोंडं भिंतीकडे करून ठेवले. अप्पांची खुर्ची खिडकीशी नेली. धुळीच्या त्या गोलावर टीव्हीचं टेबल पुढे ओढून आणलं. आई दारातून हे पाहत होती. "असं नको करूस रे," एवढंच म्हणाली. पुढे ते स्पीकर देवरूखला आमच्या एका मामांकडे गेले. टीव्ही राहिला, आपल्या लहानशा आवाजात.

दादा परत बोटीवर गेला नाही. मिरकरवाड्याला मच्छीमार बोटींची इंजिनं दुरुस्त करायचं काम त्याने सुरू केलं. तो रोज संध्याकाळी घरी यायचा, आईशी गप्पा मारायचा. तिचं त्याच्यावर प्रेम होतंच. पण कधीकधी तो बोलत असताना ती दुसरीकडे कान देऊन ऐकतेय असं मला वाटायचं, आणि मग ती दचकून म्हणायची, "काय म्हणालास?"

आई गेल्यानंतर एकदा मी दादाला विचारलं. त्या शनिवारी तू कुठे होतास, काय करत होतास. मला वाटत होतं तो म्हणेल, शुद्धीत नव्हतो, तुम्हा सगळ्यांना आठवत होतो, असं काहीतरी.

त्याने आठवून पाहिलं. "आग लागून तेव्हा तीनेक आठवडे झाले असतील. मी बरा होत होतो. वॉर्डात केरळचा एक पोरगा होता, त्याच्याबरोबर दिवसभर पत्ते खेळायचो." मग म्हणाला, "खरं सांगू? त्या दिवसांत मला घराची आठवणच येत नव्हती. आईचीसुद्धा नाही. नंतर मलाच त्याचं आश्चर्य वाटायचं."

आम्ही दोघं पडवीत बसलो होतो. त्याने विडी विझवली आणि उद्या कुठल्या बोटीचं काम आहे ते सांगायला लागला.