वायर काढल्यावर

दादा गेल्याला अजून वर्ष व्हायचंय. काल त्याची इलेक्ट्रिक गिटार न्यायला, जुन्या गिटारी जमवणारे एक गृहस्थ आले होते. वाजवताना दादाचा हात टेकायचा तिथला रंग जाऊन आतलं लाकूड उघडं पडलंय. त्यावरून त्यांनी अलगद बोट फिरवलं. "हे असंच राहू द्यायचं," ते म्हणाले. मग सोबत आणलेल्या स्पीकरला वायर जोडून वाजवू लागले. सुरेख वाजवत होते. वहिनी दारातच उभी होती. थोड्या वेळाने म्हणाली, "वायर काढून वाजवाल का जरा?"

ती भरीव लाकडाची गिटार. वायर काढली की कंगव्यावर नख फिरवावं तेवढाच आवाज उरतो. दादा ऑर्केस्ट्रात वाजवायचा तेव्हा अख्खं मैदान डोलायचं. घरी मात्र बाबा अंथरुणाला खिळलेले, म्हणून तो तशीच वाजवत बसायचा. आम्हाला वाटायचं, नुसती बोटं हलवतोय. वहिनी शेजारी बसून भाजी निवडत असायची. माणूस मैदानभर ऐकू आला तरी थोडासा शेजारी बसणाऱ्यापुरताच उरत असावा.

गृहस्थांनी वायर काढली. वहिनी त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसली आणि सवयीने मान तिरकी केली.

"येतंय ना ऐकू?" त्यांनी विचारलं.

"गिटार येतेय," वहिनी म्हणाली. "हे सोबत गुणगुणायचे."

दादा गुणगुणायचा, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं.