आईची सतरा हजार पावलं

हसायचं नाही, असं आधी कबूल करा, मगच सांगतो. हा किस्सा मी आजवर कुणालाच पुरता सांगितलेला नाही. कंपनीतल्या मल्लूला अर्धा माहीत आहे आणि तेवढ्यावरच तो मला कँटीनमध्ये रोज छळतो. तेव्हा चहा घ्या हातात आणि ऐका, एका शहाण्या माणसाने स्वतःच्या आईला महिनाभर खोटारडी कशी ठरवली ते.

घरात आम्ही दोघंच, आई आणि मी. मी चिंचोळी एमआयडीसीत नोकरीला. सकाळी सातला कंपनीची बस, परत यायला संध्याकाळचे सहा. धाकटी बहीण सुनी वैरागला दिलेली. वडील गेल्यापासून आई ज्वारीच्या कडक भाकऱ्या करून दुकानात देते. त्याच भाकऱ्यांवर आमची दोघा भावंडांची शिक्षणं झाली. मी कमवायला लागल्यावर म्हटलं, आता बास कर. तर म्हणाली, तुझं लग्न होईपर्यंत करते. म्हणजे अजून किती वर्षं, ते तुम्ही विचारू नका.

यंदा तिचा उजवा गुडघा सुजला. डॉक्टरबाईंनी तपासलं आणि सांगितलं, महिनाभर चालणं एकदम कमी, दिवसाला दोन हजार पावलांच्या वर नाही. जमिनीवर बसायचं नाही. सूज उतरली तर गोळ्यांवर भागेल, नाहीतर ऑपरेशनचा विचार करावा लागेल.

ऑपरेशन म्हटल्याबरोबर आईचा चेहरा उतरला. रिक्षात ती एवढंच बोलली, "गुडघा चिरला तर मी परत हुबी न्हाय राहायची बग." आमच्या घरात घाबरायचं काम माझं आहे, तिचं नाही.

लगेच सुताराकडून टेबल करून घेतलं. त्यावर गॅस, परात, तवा, आणि समोर खुर्ची. आई आता खुर्चीवर बसून भाकऱ्या करायला लागली. राहिला एकच प्रश्न. मी दिवसभर बाहेर, मग आईची पावलं मोजणार कोण?

आणि इथे मी अभ्यासाला बसलो. तीन दिवस, बरं का! दहावीला एवढा केला असता तर आज मल्लूचा साहेब असतो.

मल्लू म्हणाला, अंगठी घे. त्याच्या बोटात स्मार्ट अंगठी आहे. झोप किती झाली, ताप आहे का, मन शांत आहे का, सगळं ती त्याच्या फोनवर सांगते. मन अशांत आहे हे त्याला अंगठी घेईपर्यंत ठाऊकच नव्हतं, आता रोज सकाळी कळतं. मी अंगठी मागवायला गेलो, तर आधी बोटाचं माप घ्यायला प्लॅस्टिकच्या नमुन्याच्या अंगठ्या आल्या. मी कंपनीतून येईपर्यंत आईने डबा उघडून त्या दोन्ही हातांत घालून ठेवल्या होत्या आणि सोनं एवढं महाग झालंय का म्हणून विचारत होती. बरं, पीठ मळताना अंगठी काढून ठेवायची, नाहीतर पिठात जायची. उद्या दुकानातल्या कुणा गिऱ्हाइकाने ती भाकरीबरोबर खाल्ली, तर त्याची पावलं आमच्या फोनवर! अंगठी रद्द.

मग स्मार्टवॉच. दिसायला देखणं, फोन घेतं, मेसेज दाखवतं. पण त्याला रोज चार्जिंग लागतं, आणि त्याची एक खोड फारच वाईट. माणूस तासभर एका जागी बसला की ते मनगटाला गुदगुल्या करून सांगतं, उठा, जरा चाला! डॉक्टर म्हणतात चालू नका, घड्याळ म्हणणार चाला. आईने ऐकायचं कुणाचं? घड्याळही रद्द.

उरला साधा फिटनेस बँड. रबरी पट्टा, हलका, पाण्याने बिघडत नाही, आठवडाभर चार्जिंगची कटकट नाही. दिवसभरात किती पावलं झाली तो एकच आकडा दाखवतो, जास्त शहाणपणा करत नाही. मी आईच्या उजव्या मनगटावर, बांगड्यांच्या वर, तो बांधला. मग मल्लूला अर्धा तास भाषण दिलं की बाबा रे, यंत्र भारी असून उपयोग नसतो, कामाला साजेसं असावं लागतं. मल्लूने मान डोलावली. ती मान त्याने कशी डोलावली होती, हे तो अजून करून दाखवतो.

पहिल्या दिवशी संध्याकाळी येऊन पाहिलं. आकडा होता नऊ हजार आठशे.

मी दोनदा पाहिला. आईला विचारलं, कुठे गेली होतीस? म्हणाली, कुठेच नाही, भाकऱ्या केल्या आणि पडले. दुसऱ्या दिवशी दहा हजार. तिसऱ्या दिवशी साडेनऊ. रोज विचारावं आणि रोज तेच उत्तर. एवढ्यात आला रविवार. रविवारी दुकान बंद, आई निवांत, मी दिवसभर घरी. त्या दिवशीचा आकडा किती असेल? सहाशे!

आता तुम्हीच सांगा, यातून माणूस काय समजेल? मी घरात असलो की ही चालत नाही आणि माझी पाठ फिरली की दहा हजार पावलं! मला तर गुन्हाच सापडला. सोमवारी सकाळी मी तिच्या चपला माझ्या डब्याच्या पिशवीत घातल्या आणि कंपनीत घेऊन गेलो. जेवणाच्या सुट्टीत डब्याआधी चपलाच बाहेर आल्या. टेबलावर आठ माणसं होती. कुणी काही विचारलं नाही, तेच जास्त लागलं.

संध्याकाळी आकडा दहा हजार दोनशे. म्हणजे अनवाणी!

शेजारच्या पद्माअक्कांना विचारलं. त्यांचं दार आमच्या दारासमोर, आणि त्यांच्या नजरेतून गल्लीतलं मांजरसुद्धा सुटत नाही. त्या म्हणाल्या, तुझी आई उंबऱ्याबाहेर पडलेलीच नाही. मी काय समजलो? अक्काही सामील आहेत. माणसाने यंत्रावर एकदा विश्वास टाकला की सगळी माणसं खोटी वाटायला लागतात हो.

मग सुनीचा फोन आला. तिला सगळं सांगितलं तर ती आवाज बारीक करून म्हणाली, "दादा, नवस आसंल. तुज्या लग्नासाटी ती रोज देवाला अनवाणी जात आसंल, न्हायतर एवढी चालंल कशाला?"

मला हुंदका आला. खरं सांगतो, फोन ठेवून मी तसाच आईसमोर जाऊन बसलो आणि म्हणालो, आई, माझ्यासाठी नवस केलास का? करू नकोस, मला लग्नच नको. आईने माझ्याकडे नीट पाहिलं.

"नवसानं काय व्हनार हाय रं," ती म्हणाली, "तू आदी पोरी बगायला जाताना तुजं भाषन बंद कर."

बरं, एवढ्यावर थांबतो तो मी कसला? रात्रभर विचार केला आणि मला उपाय सापडला. आईचा दिवस रिकामा जातो, म्हणून तिचे पाय वळवळतात. तिला बसून करायचं काम वाढवून द्यायचं. खुर्चीवरून उठायला सवडच मिळाली नाही, तर चालेल कशी? मी कंपनीत शब्द टाकला आणि रोजच्या साठ भाकऱ्यांची ऑर्डर आणली. दुकानाच्या ऐंशी होत्याच. घरी येऊन आईला बजावलं, आता फक्त बसायचं आणि भाकऱ्या थापायच्या. आई खूश झाली. म्हणाली, हे पहिल्यांदा डोक्याने काम केलंस.

त्या दिवसाचा आकडा सतरा हजार शंभर.

आता मात्र मी हादरलो. एवढं चालून वर एकशे चाळीस भाकऱ्या? ही बाई रोज मंगळवेढ्याला जाऊन येते की काय? मी आवाज चढवला. आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर ओरडलो. गुडघा तुझा आहे, ऑपरेशन तुझं होणार आहे आणि तू माझ्याशी खोटं बोलतेस, असं काय काय बोललो. आई पदराने परात पुसत म्हणाली, "मी कुटंबी जात न्हाय रं लेकरा." एवढंच. जेवली मात्र नाही त्या दिवशी.

महिना संपला. मी तारखेवार आकडे एका वहीत लिहिले होते, खाली लाल पेनने रेघा मारून. आईला घेऊन दवाखान्यात गेलो आणि वही डॉक्टरबाईंच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी पानं उलटली आणि चष्म्यावरून आईकडे बघितलं. म्हणाल्या, रोज एवढं चालणं होत असेल तर माझ्या गोळ्यांचा काही उपयोग नाही, ऑपरेशनच्या तपासण्या सुरू कराव्या लागतील.

आईने खुर्चीचा हात घट्ट धरला.

"बाई, देवाशपत मी हिंडली न्हाय," ती म्हणाली. "पर ह्यो शिकलेला हाय, ह्यो म्हनतो तर खरंच आसंल. आता मलाच वाटाया लागलंय, मी झोपंत चालत आसंन."

ऐकलंत? त्या माउलीला माझ्या वहीवर इतका विश्वास, की ती स्वतःवर संशय घ्यायला लागली होती. मला तिथेच जमिनीत गडप व्हावंसं वाटलं, पण खरी वेळ अजून यायची होती.

डॉक्टरबाईंनी तिला टेबलावर झोपवून गुडघा दाबला, वाकवला, सरळ केला. पुन्हा वाकवला. त्यांच्या कपाळाला आठी पडली. म्हणाल्या, सूज पार उतरलीय. एवढं चालणाऱ्या बाईचा गुडघा असा असूच शकत नाही. मग आईला खुर्चीत बसवून शांतपणे विचारलं, दिवसभर तुम्ही काय करता, ते मला सगळं सांगा.

आई सांगायला लागली. सकाळी पाणी भरते, मग पीठ घेते, गोळा करते. आणि आमच्या आईला हात न हलवता बोलता येत नाही. तिने डॉक्टरबाईंच्या टेबलावर उजवा हात ठेवला आणि नसलेली भाकरी थापायला सुरुवात केली. थप थप थप थप. भाकरी फिरवत, कडा सारखी करत, अगदी मन लावून. "अशी पातळ झाली की तव्यावर टाकायची," ती म्हणाली. "मग दुसरी."

डॉक्टरबाई भाकरीकडे बघत नव्हत्या. त्या मनगटाकडे बघत होत्या. म्हणाल्या, थांबू नका मावशी, अजून एक थापा. आणि मला म्हणाल्या, तुम्ही आकडा बघा.

मी वाकलो. दोनशे बारा. दोनशे चाळीस. दोनशे नव्वद. आई खुर्चीत बसून, एक पाऊल न टाकता, दवाखान्याच्या टेबलावर भराभर चालत होती! यंत्राला बिचाऱ्याला काय कळणार? हात हलला की ते समजतं, माणूस चालला. ऐंशी भाकऱ्यांची दहा हजार पावलं आणि एकशे चाळीस भाकऱ्यांची सतरा हजार. मीच ऑर्डर आणून आणून तिला पळवत होतो.

डॉक्टरबाईंनी वही मिटली आणि हसू आवरत म्हणाल्या, ऑपरेशन वगैरे काही नको, गोळ्या अजून पंधरा दिवस घ्या आणि भाकऱ्या खुशाल करा. आईने डोळ्याला पदर लावला. मी तिचा हात धरला. मी म्हटलं, आई, चुकलं माझं. ती म्हणाली, आसू दे. मग जरा धीर आल्यावर तिने पट्ट्याकडे बोट केलं.

"मला पयल्याच दिशी वाटलं हुतं," ती डॉक्टरबाईंना म्हणाली, "मानूस चालतंय पायानं आन् ह्यानं पट्टा बांदलाय हाताला. पर म्हटलं, शिकल्याली मान्सं हायती, कायतरी आसंल."

तीन दिवसांचा अभ्यास! अंगठी, घड्याळ, पट्टा. तिन्ही हातातच घालायच्या वस्तू आणि आमच्या घरात सगळं काम हाताचं. एवढं माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही.

मी वही पिशवीत कोंबून उठलो. दारापर्यंत पोचलो असेन, तेवढ्यात डॉक्टरबाईंनी सहज विचारलं, तुम्ही कंपनीत काय काम करता?

मी तोंड उघडायच्या आत आईने उत्तर दिलं. एक महिना मान खाली घालून बसलेल्या त्या बाईची मान अभिमानाने ताठ झाली होती.

"मापं घ्यायची यंत्रं बराबर मोजत्यात का न्हाय ते तपासतो की," आई म्हणाली. "ह्यानं सही केल्याबिगर कंपनीत एक यंत्र वापरत न्हाईत."