हरल्यावरचा आलूबोंडा

परवा शनिवारी भरदुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि समोरच्या कॉलेजच्या ग्राउंडवर गेले. गोंदियात कॉलेजच्या गेटसमोरच माझं झेरॉक्सचं दुकान आहे. पोरींची बास्केटबॉलची मॅच असली की कस्टमर थांबतात, मी थांबत नाही.

आता आमच्या कॉलेजची टीम म्हणजे... कसं सांगू. तीन वर्षांत मी तिला एकदाही जिंकताना पाहिलं नव्हतं. तरी आम्ही सात-आठ जण इमानेइतबारे जातो. मी, लायब्ररीतले काका आणि गेटवरचे ऑटोवाले.

इतक्या वेळा हरल्यावर फॅन लोकांचीही एक पद्धत पडून जाते. मॅच संपली की ऑटोवाले कोपऱ्यावरच्या ठेल्यावरून गरम आलूबोंडे आणतात आणि आम्ही ते पोरींना खाऊ घालतो. जिंकल्यावर काय खायचं, हे ठरवायची वेळ कधी आलीच नव्हती...

टीमची कॅप्टन पल्लवी. फायनल इयरला आहे, घरच्या ग्राउंडवरची ही तिची शेवटची मॅच. तिला पुढे बी.पी.एड. करायचंय. तिचे बाबा राईस मिलमध्ये कामाला, त्यांना ते काही पटत नव्हतं. जी पोरगी दर वेळी हरून येते, तिला खेळाच्या कॉलेजात कशाला पाठवायचं, असा त्यांचा सरळ प्रश्न.

शेवटी ते एवढं कबूल झाले, की शनिवारी मिलमधून लवकर सुटलो तर एक मॅच बघतो, मग बोलू. ॲडमिशनच्या फॉर्मची प्रिंट काढायला आली तेव्हा पल्लवीनंच मला हे सांगितलं होतं. एकदा तरी बाबांनी जिंकताना बघावं, एवढंच तिचं म्हणणं.

समोरची टीम अर्जुनी मोरगावकडची. यंदाच पहिल्यांदा टीम काढलेली, पिवळ्या जर्सीतल्या सहाच पोरी, सकाळच्या गाडीनं आलेल्या. पहिल्या दहा मिनिटांत आमचे सोळा झाले आणि त्यांचा अजून भोपळाही फुटला नव्हता. लायब्ररीतले काका चष्मा पुसून पुसून फळ्यावरचा स्कोअर वाचत होते.

मग काय झालं कुणास ठाऊक... हाफटाइमनंतर आमच्यातल्याच कुणीतरी त्या पिवळ्या जर्सीवाल्या पोरींसाठी टाळी वाजवली. ऑटोवाल्यांचं 'कोई बात नहीं, फिर से' सुरू झालं. तीन वर्षं आमच्या पोरींना म्हणायचो ते सगळं आपोआप तिकडे जायला लागलं, आणि मीही घसा ताणून ओरडत होते.

मध्येच पल्लवीनं तिघींना चुकवून एक सुंदर बास्केट केला आणि आमच्याकडे बघितलं. मला ते दिसलं. पण तेवढ्यात पिवळ्या टीमची एक पोरगी पडली आणि आम्ही सगळे हळहळण्यात गुंतलो.

शेवटच्या मिनिटाला त्यांच्यातल्या उंच पोरीनं बास्केट केला तर आम्ही चक्क उभे राहून नाचलो. मॅच संपली. बावन्न–नऊ. आलूबोंडे आले आणि सरळ पिवळ्या टीमकडे गेले. आमची पल्लवी मनानं मोठी, तीही त्यांच्यात जाऊन बसली आणि एक आलूबोंडा हातात घेतला.

नेमके तेव्हा तिचे बाबा गेटमधून आत आले. मिलमधून थेट, शर्टावर कोंडा तसाच. पोरी हरल्या की हे लोक आलूबोंडे चारतात, हे पल्लवीनं घरी कौतुकानं सांगून ठेवलेलं होतंच. त्यांनी तिच्या हाताकडे बघितलं आणि तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"हारली ना? जाऊ दे, होते असं."

जिंकलेली पोरगी, आणि तिचे डोळे भरून आले... मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी तोंड उघडणार, त्याआधीच पिवळ्या टीमची ती उंच पोरगी उभी राहिली.

"काकाजी, हारलो तं आमी. तुमच्या पोरीनं एकटीनं तीस मारले. मले तं बॉल दिसूच नाही देला तिनं."

बाबांनी तिच्याकडे बघितलं, पल्लवीकडे बघितलं, मग आमच्याकडे वळले. "मंग तुमी लोकं 'कोई बात नहीं' काऊन वरडून राहिले होते? मले रस्त्यावरून आयकू आलं."

लायब्ररीतले काका हळूच म्हणाले, जिंकायची सवय नाही हो आम्हाला. बाबा फळ्यापर्यंत गेले, आकड्यांवरून एकदा बोट फिरवलं, मग खिशातून मोबाइल काढला.

"पल्लवी, उभी राय इथं."

ती आलूबोंडा हातात धरूनच फळ्याशेजारी उभी राहिली. फोटो निघाला आणि तेव्हा कुठे आम्ही आमच्या पोरीसाठी टाळ्या वाजवल्या. त्या सहा जणींनीही वाजवल्या, आमच्यापेक्षा जोरात.

आज सकाळी शटर उघडते तर दारात पल्लवीचे बाबा. माझ्याकडेच प्रिंट काढलेला तो फॉर्म आणि मार्कशीट पुढे केली, दोन-दोन कॉपी काढा म्हणाले. मशीनवर कागद ठेवताना बघितलं... पालकाच्या जागी सही झालेली होती.

अर्जुनीकडच्या त्या उंच पोरीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ही पोस्ट फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचली तर... बाई, जे आम्ही सांगायला हवं होतं ते तू सांगितलंस, थँक्यू. पुढच्या वर्षी ये. जिंकलीस तरी आलूबोंडा मिळेल.