गुडघाभर पाणी

"सुरेशदादा, पाऊल टाकू नकोस!" बायको अशी ओरडली की आल्प्समधल्या त्या तळ्याकाठी ऊन खात पडलेले सगळे गोरे एकदम उठून बसले. तिचा भाऊ, म्हणजे माझा मेहुणा, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून लाकडी धक्क्याच्या टोकाला उभा होता. तो एक पाय अधांतरी धरून बगळ्यासारखा थिजला. त्याला पोहता येत नाही. पण पाणी गुडघाभरच दिसत होतं, तळाचा एकेक गोटा उचलून घ्यावा इतकं स्वच्छ.

बायकोने सवयीने, पाणी दिसलं की आपण टाकतो तसं, नाणं टाकलं होतं. ते तळाला टेकेचना. गिरक्या घेत, चमकत खाली जात राहिलं. माझा चहा पिऊन झाला, सुरेशचे केस पिकले, तरी जातच होतं. शेवटी मोहरीएवढं होऊन ते गोट्यांमध्ये बसलं. गोटे कसले, घराएवढे खडक होते ते.

आपल्या नद्या गढूळ, म्हणून भल्या. तळ दिसत नाही तेव्हा माणूस आपसूक काठाला थांबतो. हे पाणी काहीच लपवत नव्हतं, आणि अंगावर काटा आला तो त्यामुळेच. पार खोल, त्या खडकांवर, आमच्या तिघांच्या सावल्या कधीच जाऊन उभ्या होत्या.

सुरेशने पाय मागे घेतला. टॉवेल भाड्याने देणाऱ्या म्हातारीकडे बघून तो उगाच हसला आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाला, "इथे कुणी बुडलं तर सापडतं का हो?"

तिने हातातल्या टॉवेलची घडी घातली.

"दुपारी ऊन सरळ पडलं की दिसतात," ती म्हणाली.