वर्तकनगर प्रत

आमच्या साडेसातीने उभ्या आयुष्यात कोणाची माफी मागितली नाही, ताल चुकल्याबद्दल तर नाहीच नाही. कल्याणच्या एका वरातीत बेंजो पार्टीबरोबर साइड ड्रम वाजवता वाजवता त्यांनी चारच्या ठेक्यात हळूच सात मात्रा घुसवल्या. नाचणाऱ्यांचे पाय एकमेकांत अडकले आणि नवऱ्या मुलाचे मामा फेट्यासकट रस्त्यावर आडवे झाले. पार्टीच्या मालकाने यांना तिथेच फैलावर घेतलं. यांनी काठ्या काखेत धरल्या आणि शांतपणे सांगितलं, "पाय त्यांचे चुकले. ताल बरोबर आहे." मी काही त्या वरातीत नव्हते, पण हा किस्सा इतक्यांदा ऐकलाय की मामांच्या फेट्याचा रंगसुद्धा सांगू शकते.

आठवडाभर ते वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात फिटर, लग्नसराईत बेंजो पार्टीचे वादक आणि उरलेल्या सगळ्या जिवाने प्रोग्रेसिव्ह रॉकचे भक्त. वीस-वीस मिनिटांच्या रचना, गाणं कमी आणि वाजवणं जास्त, ताल असे की मान डोलवायला जावं तर मानेत लचक भरावी. त्यातल्या एका साडेसात मात्रांच्या तुकड्यावर त्यांचं फार प्रेम. कॉलनीतल्या लोकांनी तेवढ्यावरून त्यांचं नाव साडेसाती ठेवलं. दुसरा कोणी चिडला असता. यांनी त्याच नावाची पाटी रंगवून घेतली आणि दाराला ठोकली. "ग्रह-बिह आपण मानत नाही," ते म्हणायचे, "पण कोणाला लागायचंच असेल तर मीच लागेन."

पाटीखाली बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'रविवार, सकाळी दहा.' त्या वेळेला आम्ही तिघं वर्तकनगरच्या त्या दुसऱ्या मजल्यावर हजर व्हायचो. बँकेतला विनय, दिव्याहून येणारा संदेश आणि डोंबिवलीहून येणारी मी. मी पहिल्यांदा गेले तेव्हा कॉलेजात होते आणि साडेसातीकाकांची बायको शालिनी जाऊन काही वर्षं झाली होती. मुलगी मिता तेव्हा नर्सिंग शिकत होती. नियम दोनच. मोबाइल तांदळाच्या डब्यात आणि कॅसेटची एक बाजू ऐकून संपेपर्यंत कोणी उठायचं नाही. मला पहिल्या दिवशी ताल काही कळेना, तर म्हणाले, "अगं, सोपंय. म्हण, दि-वा, दि-वा, शीळ-फा-टा. झाले सात. शेवटी अर्धी उचकी दे, साडेसात." आजही मी अवघड ताल असाच मोजते.

बाजू संपली की पोहे, आणि पोह्यांबरोबर भांडण. परदेशातल्या त्या वादकांना आम्ही घरातल्या माणसांसारखी नावं दिली होती. ऐन भरात बँड सोडून खेड्यात गाई पाळायला गेला तो कीबोर्डवाला आमचा गवळी. स्वतःचा बँड मोडून दुसऱ्यांच्या नावाजलेल्या बँडमध्ये जाऊन बसला तो गिटारवाला घरजावई. घरजावयाने पुढे जाहिरातींना चाली दिल्या म्हणून विनय त्याला आयुष्यभर माफ करणार नव्हता. संदेश म्हणायचा, "अरे, पोट नाय का त्याला?" काका गवळ्याच्या बाजूचे. "माणूस यशस्वी झाला की लोक त्याच्याकडं तेच तेच मागतात. यानं नाय दिलं. गाईंचं शेण काढलं, पण तेच गाणं परत नाय वाजवलं." हे सांगताना त्यांचा आवाज असा चढायचा की जणू शेण काढायला ते स्वतः बरोबर गेले होते.

हे तुमचं संगीत नव्हे, असं त्यांना सांगणारे दोन्हीकडून यायचे. नातेवाईक म्हणायचे, चौदा एप्रिलच्या जयंतीला इतकं छान वाजवता, मग हे इंग्रजी खूळ कशाला? विनयचे एक शास्त्रीय संगीतातले ओळखीचे गृहस्थ म्हणाले, ज्यांना राग कळत नाहीत ते असल्या गोंगाटाकडे वळतात. काका त्यांच्यापुढे पोह्यांची बशी ठेवत म्हणाले, "जयंतीला मी वाजवतोच, ते माझंच आहे. हेपण माझंच आहे. आपलं काय न् परकं काय हे ठरवणाऱ्यांनी आधी आम्हालाच परकं ठरवलेलं, साहेब. त्यामुळं तो हिशोब मी स्वतःच करतो." साहेबांनी पोहे खाल्ले. चांगले झालेत म्हणाले. मला त्या दिवशी टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या होत्या.

पण काकांच्या घरातली खरी मानाची वस्तू म्हणजे गवळ्याच्या एका रचनेची कॅसेट. बाजारातली नव्हे, कोणाच्या तरी तबकडीवरून माइक लावून उतरवलेली. बावीस मिनिटांच्या त्या रचनेत साधारण मध्यावर संगीत अचानक जडावतं, घोगरं होत होत खाली खाली जातं आणि थांबतं. पाऊण मिनिट शांतता. त्या शांततेच्या सुरुवातीला कोणीतरी पुटपुटतं, "एली." मग लांबवर एक शिट्टी. आणि मग तळातून वर चढत संगीत परत येतं. अंगावर काटा यायचा. या पाऊण मिनिटावर आम्ही वर्षानुवर्षं भांडलो. विनयचं मत, एली ही गवळ्याची गेलेली प्रेयसी. संदेशचं मत, ती त्याची गाय. माझं मत सर्वांत विद्वान होतं. ती शिट्टी म्हणजे त्याच्या लहानपणी बंद पडलेल्या गिरणीचा भोंगा. काका या वादात कधीच पडायचे नाहीत. डोळे मिटून म्हणायचे, "ऐका."

गेल्या वर्षी मला दुर्बुद्धी सुचली. या बँडांच्या चाहत्यांची जगभराची एक चर्चेची जागा आहे इंटरनेटवर. तिथे मी इंग्रजीत चांगला लांबलचक लेख टाकला, 'एलीची शांतता'. भोंगा, गिरणी, विरह, सगळं. दुसऱ्या दिवशी शंभर लोकांनी मला वेड्यात काढलं होतं. त्या रचनेत शांतता नाही. एली नाही. शिट्टी तर नाहीच. कोणत्याच आवृत्तीत नाही. एकाने विचारलं, तुम्ही ऐकता तरी कशावर? भारतातल्याच एका गृहस्थाने निदान केलं की बाईंच्या घरी लाइट गेले असावेत. मी मूळ रचना शोधून ऐकली. बावीस मिनिटं संगीत अखंड वाहत होतं. माझ्या कानशिलांतून वाफा निघत होत्या.

त्या रविवारी मी नऊलाच वर्तकनगरला पोहोचले आणि लेखाचा कागद त्यांच्यासमोर आपटला. "काका, इतकी वर्षं आम्ही लोडशेडिंगवर चर्चा करत होतो!"

त्यांनी कागद हातात घेतला. "पूर्ण इंग्रजीत लिहिलंस? चार पानं?" आणि हसायला लागले. हसता हसता खोकला आला, पाणी प्यायले, आणि मग म्हणाले, "एली नाय गं. 'गेली.'"

मला कळेना.

"तबकडी एकाच दिवसासाठी मिळालेली, प्लेअरपण उसना. नेमकी त्या दिवशी माझी कल्याणच्या वरातीची सुपारी. शालूला म्हटलं, दोन बटणं एकदम दाब, संपलं की उलटं कर. तिला या गाण्यातलं काय कळत नव्हतं, पण मला आवडतं ना, म्हणून बसली. खोलीत प्लग एकच, तो प्लेअरला. टेप सेलवर. मधेच लाइट गेली. प्लेअर बसला, टेप चालूच. आपण सगळे म्हणतो तशी तीपण म्हणाली, 'गेली!' शिट्टी आमच्या कुकरची. डाळ लावलेली."

"म्हणजे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं?"

"मी घरी आलो तेव्हा रडवेली झालेली. म्हणाली, मी तुमचं गाणं खराब केलं. मी म्हटलं, राहू दे."

मी तो कागद घडी करून पिशवीत टाकला. मग शहाणपणा सुचला. म्हटलं, मूळ रचना आणलीये फोनवर, चांगली स्वच्छ आहे, ती ठेवा, ही कॅसेट आता झिजलीये. काका असे तडकले की आतून मिता बाहेर आली.

"स्वच्छ? तिला वगळून स्वच्छ? अगं, शेवटी काय म्हणते ऐकलंस का तू कधी?" त्यांनी कॅसेट लावली. घोगरं होत संगीत बसलं. "गेली!" आता इतकं स्पष्ट ऐकू येत होतं की आम्हाला एली कुठून ऐकू आली देव जाणे. शांतता. कुकर. आणि संगीत वर चढू लागलं त्याच्या आड, जेमतेम, आनंदाने म्हटलेलं, "आली!" इतक्या वर्षांत तो शब्द आम्ही कोणीच पकडला नव्हता.

काका टेपकडे बघत म्हणाले, "ती खरी गेली तेव्हा नंतर 'आली' म्हणायला कोणी नव्हतं. या कॅसेटीत म्हणते. दर रविवारी म्हणते. लिही त्या लोकांना. चूक झाली असं नाय लिहायचं. लिही, ही वर्तकनगर प्रत आहे. मधल्या भागात आवाज, शालिनी. गवळ्याला एवढं सुचलं नाय, त्याला आम्ही काय करणार?"

मी तसंच लिहिलं, आणि सोबत ते पाऊण मिनिटही जोडलं. काही जण आणखी हसले. हसोत. एका परक्या देशातल्या म्हाताऱ्याने मात्र लिहिलं की चाळीसेक वर्षं ही रचना ऐकतोय, आता मधली शांतता नसली तर चुकल्यासारखं वाटतं. ते मी काकांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "पास."

यंदा काका गेले. कारखान्यातून निवृत्त झाल्यावर फुफ्फुसांनी हळूहळू संप पुकारला होता. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात वंदना झाली, नातेवाईक बोलले, पार्टीचे जुने मालक फेट्याची गोष्ट सांगून रडले. मग मिताने माझ्याकडे पाहिलं आणि मी टेप लावला. पुढच्या रांगेत कुजबुज झाली. असल्या वेळी हे काय? कोणीतरी मला खुणेने आवाज कमी करायला सांगितलं. मी बटण पुढे फिरवून वाढवला. संदेश आणि विनय मांडीवर बोटांनी दिवा, दिवा, शीळफाटा मोजत होते. मग संगीत जडावलं, खाली गेलं, बसलं. "गेली!"

टेपवर ती शांतता सुरू झाली. कडेला बसलेले एक गृहस्थ प्लग बघायला लगबगीने उठले.

"बसा," मी म्हटलं. "येतेय ती."