मंगळाचा रिकामा रकाना

माझा थोरला भाऊ गुणाजी हा चारकोपमधला सगळ्यात ताठ कण्याचा माणूस आहे, असं त्याचं स्वतःचं मत आहे. विक्रोळीच्या कारखान्यात तो उभा जन्म तपासणी खात्यात होता. तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापात बसला नाही की बाजूला फेकायचा. एकदा मोठा साहेब म्हणाला, ह्या वेळी जाऊ दे, तर यानं साहेबालाच सुनावलं. ही गोष्ट आमच्या घरात इतक्यांदा सांगून झाली आहे की दर वर्षी साहेब थोडा उंच होतो आणि गुणाजी थोडा शूर.

देवाधर्माचं त्याला वावडं. गावी गणपतीला जायचा तो फक्त मोदकांसाठी, असं वहिनी म्हणायची. वहिनी गेल्यावर श्रुतिकाच्या लग्नाचं त्यालाच बघावं लागलं. आमच्या ज्ञातिमंडळाच्या वधू-वर ॲपवर लेकीचं नाव घालताना त्यानं सगळे रकाने भरले आणि मंगळाचा तेवढा मुद्दाम रिकामा सोडला. "असल्या भंपकपणाला मी उत्तर देत नाय," म्हणाला. वहिनीनं गावच्या भटजींकडून करून घेतलेली पत्रिका कपाटात होती, तिच्यात मंगळ नव्हता. नुसतं 'नाही' लिहायचं होतं. पण तेवढ्यानं याच्या बाण्याला धक्का लागला असता ना!

तरी स्थळ जमलं. मुलुंडचा सुशांत. श्रुतिकाला तो मनापासून आवडला होता. त्याचा फोन आला की ती गॅलरीत जायची आणि आत येताना गाणं गुणगुणत यायची. साखरपुड्याचा हॉलसुद्धा ठरला.

तेवढ्यात मंडळाला आधुनिक व्हायची हुक्की आली. चिटणीस कुंडलिकराव स्वतःला डिजिटल विभागाचे प्रमुख म्हणवतात. विभाग म्हणजे घाटकोपरच्या कार्यालयातलं एक टेबल आणि एक पंखा. त्यांनी जुन्या ॲपमधली सगळी माहिती नव्या ॲपवर हलवली, आणि हलवताना असा घोळ झाला की ज्यांचा मंगळाचा रकाना रिकामा होता त्यांच्यापुढे आपोआप 'आहे' असं आलं. अर्ध्या ज्ञातीला बसल्या जागी मंगळ लागला. वर नव्या ॲपनं तत्परतेनं सुशांतच्या आईला कळवलं: 'तुमच्या पसंतीच्या स्थळाच्या माहितीत बदल झाला आहे.'

मी कुंडलिकरावांना फोन लावला.

"प्रेमाताई, टेन्शन नका घेऊ. ती माहीत असलेली अडचण आहे."

जणू माहीत असणं हेच औषध! पण खरंच, अपडेटबरोबर त्यांनी 'माहीत असलेल्या अडचणी' या मथळ्याखाली ती छापली होती, आणि पुढे लिहिलं होतं, सदस्यांनी दुर्लक्ष करावे. पुढच्या अपडेटला तेच वाक्य 'सोडवलेल्या अडचणी' या मथळ्याखाली गेलं. श्रुतिकापुढचा मंगळ पुसला गेला. कुंडलिकरावांनी ग्रुपवर स्वतःचं अभिनंदन करून घेतलं आणि लोकांनी फुलांचे गुच्छ पाठवले.

आम्ही तिघं पत्रिका आणि अपडेटमधली ती अडचणीची सूचना दोन्ही घेऊन मुलुंडला गेलो. सुशांतच्या आईनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"ॲपची चूक होती, कळलं हो मला. पण एकदा 'आहे' म्हणून आलं ना? नेमकं आमच्याच वेळी का यावं? एकुलता एक आहे माझा. विषाची परीक्षा कशाला बघायची? कुंभविवाह करून टाका, म्हणजे झालं."

कुंभविवाह म्हणजे मुलीचं आधी मडक्याशी लग्न लावायचं. मंगळाचा जो काही कोप व्हायचा तो त्या पहिल्या नवऱ्यावर, म्हणजे मडक्यावर. चूक संगणकाची, आणि प्रायश्चित्त माझ्या भाचीनं घ्यायचं! सुशांत शेजारीच मोबाइलमध्ये मान घालून बसला होता. "करून टाक ना यार," तो श्रुतिकाला म्हणाला, "तासाभराचं तर काम."

मी गुणाजीकडे पाहिलं. म्हटलं, आता वाघ डरकाळी फोडणार. वाघानं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाला, "करू ना. काय हरकत आहे?"

घरी आल्यावर श्रुतिकानं विचारलं, "बाबा, मला मंगळ आहे का?"

"नाय."

"मग?"

"ठरलेलं लगीन मोडलं तर लोक काय म्हनतले? तू गप रव गो. माझ्यासाठी कर."

बापाला कधी विनवणी करताना तिनं पाहिलं नव्हतं. ती बिचारी हो म्हणाली. मला त्या क्षणी गुणाजीची अशी चीड आली की त्याच्या घरचं पाणीही नको वाटलं.

विधीच्या दिवशी मी गेले ती फक्त पोरगी एकटी पडू नये म्हणून. दारं-खिडक्या लावलेल्या, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून टीव्ही मोठ्यानं चालू. श्रुतिका हिरव्या साडीत पाटावर बसली होती. समोर हळद माखलेलं मडकं, आणि मडक्याच्या बाजूला सोवळं नेसून आमचा तपासणी खात्याचा सिंह. गुरुजींनी पत्रिका मागून घेतली, चष्मा पुसला, पुन्हा पाहिली.

"अहो, हिला मंगळ नाहीच आहे."

श्रुतिकानं झटकन बापाकडे पाहिलं. कितीतरी दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर जीव आला होता.

"माहीत आहे मला," गुणाजी म्हणाला. "तुम्ही सुरू करा."

श्रुतिका उठली. हातातली माळ तिनं हळूच त्याच्या मांडीवर ठेवली. "सुशांतला मी फोन करते, बाबा. हे लग्न नाही होणार." ती आत गेली आणि दाराची कडी लागल्याचा आवाज आला. गुरुजी पळी-पंचपात्र आवरायला लागले.

"प्रेमा, तू तरी समजाव तिला," गुणाजी म्हणाला.

"काय समजावू, दादा? तिला बापानं फक्त 'नाही' म्हणायला हवं होतं. तू मडक्याच्या बाजूनं बसलास."